‘पुराना मंदिर’चे प्रेक्षक आणि त्यांचे हसणे

शहरांतील सुशिक्षित मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत एक करमणूक रूढ झाली आहे. आठ-दहा जणांनी रात्री एका घरी जमायचे, रामसे बंधूंचा एखादा जुना भयपट लावायचा आणि राक्षसाचा रबरी मुखवटा मानेपाशी सुटा दिसला, की लोळून हसायचे. अंधाऱ्या हवेलीत निळ्या दिव्याचा झोत कोठून येतो, धुके नेमके नायिकेच्या पायांशीच का साचते, किंचाळणारी स्त्री बाहेर पळण्याऐवजी तळघराच्याच पायऱ्या का उतरते, यावर टोमणे चालतात. चित्रपट इतका भिकार आहे म्हणूनच तो पाहण्यात मजा आहे, असा अभिप्राय शेवटी दिला जातो, आणि तो देणाऱ्याच्या चोखंदळपणाचा पुरावा म्हणून मान्यही होतो. तुलसी रामसे यांचे डिसेंबर २०१८ मध्ये आणि श्याम रामसे यांचे सप्टेंबर २०१९ मध्ये निधन झाले, तेव्हा लिहिल्या गेलेल्या मृत्युलेखांतही हाच लाडिक सूर पुष्कळ ठिकाणी होता.

हसण्यावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या अभिप्रायामागे गृहीत धरलेल्या गोष्टीवर. १९८४ साली ज्या प्रेक्षकाने खिशातले पैसे मोडून हे चित्रपट पाहिले तो भोळा होता, मुखवटा खरा मानून घाबरला, आणि त्यातली गंमत पुढे कित्येक वर्षांनी प्रथम उच्चशिक्षितांच्या ध्यानात आली, असे हे गृहीत आहे. ते चुकीचे आहे. श्रमिक प्रेक्षकाविषयीच्या एका जुन्या तुच्छतेचे ते नवे रूप आहे. आणि पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या लिखाणातही ही तुच्छता अधूनमधून डोकावत आली असल्यामुळे तिची झडती घेणे आवश्यक आहे.

उदाहरण म्हणून ‘पुराना मंदिर’च घ्यावा. तुलसी आणि श्याम रामसे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८४ साली प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी चांगला चाललेल्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली. कथानक थोडक्यात असे: दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरी नावाच्या नरराक्षसी तांत्रिकाचा शिरच्छेद केला. मरताना सामरीने शाप दिला, की राजाच्या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. धड जुन्या मंदिराच्या परिसरात पुरले गेले, डोके पेटीत बंद करून राजवाड्यात ठेवले गेले. पुढे त्या घराण्यातील ठाकूर आपल्या मुलीला प्रेम करू देत नाही, लग्न करू देत नाही; कारण लग्न म्हणजे मूल आणि मूल म्हणजे मृत्यू. मुलगी व तिचा प्रियकर शापाचा शोध घेण्यासाठी त्या ओसाड हवेलीत जातात आणि मग धड व डोके एकत्र येते. प्रदीपकुमार, मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर ही मंडळी त्यात आहेत आणि सामरीच्या भूमिकेत उंचापुरा अजय अगरवाल. कथेतील गावाचे नाव बिजापूर आहे. विजापूरच्या वाचकांनी मनावर घेऊ नये, गोलघुमट किंवा आदिलशाही यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

या मुख्य कथानकाला समांतर, त्याच्याशी फारसे देणेघेणे नसलेला एक विनोदी उपकथानकाचा धागा चित्रपटभर चालतो. तो ‘शोले’चे उघड विडंबन आहे. त्यात जगदीप हा मच्छरसिंग नावाचा डाकू होतो. १९७५ च्या ‘शोले’मध्ये ‘सूरमा भोपाली’ रंगवणारा हाच नट. म्हणजे ज्या चित्रपटाने त्याला घराघरांत पोहोचवले त्याचीच टिंगल तो येथे करतो आणि प्रेक्षकाला ती कळते. सामरीने एकाचा जीव घेतला, की पाठोपाठ मच्छरसिंगची मूर्ख टोळी पडद्यावर येते. जाणकार समीक्षकाला हे ठिगळ वाटते. आणि ते ठिगळच आहे, यात शंका नाही. परंतु भीतीनंतर लगेच हसायला लावणे ही तमाशाच्या फडावरची, दशावताराच्या रंगमंचावरची, नौटंकीची जुनी रीत आहे. दशावतारात राक्षस मांडवातून किंकाळत येतो तेव्हा पोरे आयांच्या पदराआड लपतात आणि त्याच वेळी मागचे म्हातारे त्या राक्षसाला नावाने हाक मारून चेष्टा करतात, कारण तो गावातलाच असतो. मुखवट्यामागे माणूस आहे, हे ठाऊक असूनही घाबरायचे, आणि घाबरतानाच हसायचे, ही कला या देशातील खेडूत प्रेक्षकाला कोणी शिकवावी लागत नाही.

हे चित्रपट जन्माला कसे आले याचा इतिहास पाहिला, तर प्रेक्षकाच्या मताचे मोल अधिकच स्पष्ट होते. रामसे बंधूंचे वडील एफ. यू. रामसे हे मूळचे रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे, फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तोच धंदा नव्याने मांडणारे सिंधी निर्वासित. चित्रपटनिर्मितीचा नाद त्यांना होता. १९५४ साली भगतसिंगांच्या जीवनावर आलेला ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ आणि १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ यांच्याशी त्यांचे नाव निगडित आहे. ‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते ‘रणांगण’ या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर. १९७० साली त्याच बेडेकरांनी रामसे यांच्यासाठी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो साफ पडला. मात्र त्यात एक प्रसंग होता: पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि वेश चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात. तुलसी आणि श्याम हे दोघे भाऊ थिएटरांत जाऊन प्रेक्षकांकडे पाहत बसत. त्यांच्या लक्षात आले, की ओस पडलेल्या थिएटरात लोक येतात ते या एका प्रसंगासाठी. तो झाला, की उठून जातात.

मराठी कादंबरीच्या इतिहासात ज्यांचे स्थान पक्के आहे अशा लेखकाच्या पडलेल्या चित्रपटातून हिंदी भयपटाची एक अख्खी शाखा निघाली, आणि ती निघाली समीक्षकाच्या शब्दावरून नव्हे तर खुर्चीतून उठून गेलेल्या माणसांमुळे. त्या माणसांनी कोठे लेख लिहिला नाही. बहुतेकांना लिहिता येत नसण्याचीही शक्यता आहे. तरीही त्यांनी चित्रपटाची चिकित्सा केली, त्यातला जिवंत भाग कोणता आणि मेलेला कोणता हे ठरवले, आणि दोन तरुण निर्मात्यांना ते मान्य करावे लागले. साहित्य-कलेच्या क्षेत्रात वाचक-प्रेक्षकांच्या निवाड्याचा इतका थेट परिणाम क्वचित पाहायला मिळतो.

आता स्वस्तपणाविषयी. ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा पहिला गाजलेला भयपट १९७२ साली आला. तो महाबळेश्वरला, सुमारे चाळीस दिवसांत आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत पुरा केला, असे त्या कुटुंबातील मंडळी सांगत आली. त्या काळी मोठ्या नटाच्या मानधनापुढेही ही रक्कम किरकोळ होती. एवढ्या कमी पैशात चित्रपट होतो कसा, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. सात भाऊ. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, केशू त्याच्या मदतीला व निर्मितीच्या धावपळीला, किरण ध्वनीकडे, अर्जुन संकलनाच्या टेबलाशी. वडिलांनी या मुलांना काश्मीरला हाऊसबोटीवर नेऊन छायालेखनावरचे एक इंग्रजी पुस्तक शिकायला बसवले, अशी कथा प्रसिद्ध आहे. चित्रीकरणाच्या जागी घरातील आई आणि सुना साऱ्या चमूचा स्वयंपाक करत, कपडेपट सांभाळत.

म्हणजे ही चित्रसंस्था मालेगावच्या किंवा इचलकरंजीच्या छोट्या मागवाल्याच्या घरासारखी चालत होती. घरचा माग, घरचे हात. कांडी भरायला बायको, ताणा लावायला भाऊ, आणि यांपैकी कोणाच्याही श्रमांची मजुरी हिशेबाच्या वहीत लिहायची नाही. मग कापड स्वस्त पडते, यात नवल ते काय? छोटा उत्पादक बड्या भांडवलापुढे टिकतो तो आपल्याच कुटुंबाचे श्रम फुकट वापरून, ही गोष्ट शेतीच्या बाबतीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. करमणुकीच्या धंद्यालाही ती तंतोतंत लागू पडते. ‘कमी खर्चाचा चित्रपट’ असे जेव्हा कौतुकाने किंवा तुच्छतेने म्हटले जाते, तेव्हा महाबळेश्वरच्या त्या विश्रामगृहातील चूल कोण पेटवत होते, हे कोणी विचारत नाही. श्रेयनामावलीत सात भावांची नावे झळकली. चुलीपाशी राबणाऱ्यांचे नाव पडद्यावर येण्याची प्रथा तेव्हाही नव्हती.

हे चित्रपट मुख्यतः चालले ते मोठ्या शहरांच्या उंची थिएटरांत नव्हे. त्यांचा आधार जिल्ह्याची आणि तालुक्याची गावे, जलद गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांची गावे, औद्योगिक शहरांच्या कडेच्या कामगार वस्त्या, आणि जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतील टॉकीज हा होता. धंद्याच्या भाषेत यांना ‘बी’ आणि ‘सी’ दर्जाची केंद्रे म्हणत. प्रेक्षकांचा दर्जा अक्षरांनी ठरवण्याची ही पद्धत पुरेशी बोलकी आहे. वापरून जुन्या झालेल्या प्रती या गावी पोहोचत, मध्येच तुटत, जोडल्या जात. प्रोजेक्टरचा कर्ब विझला, की अंधारात आरोळ्या उठत. ज्यांनी असा खेळ पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की पिटातला प्रेक्षक मुकाट्याने चित्रपट पाहत नसे. नायिका तळघराकडे निघाली, की तो तिला ओरडून बजावत असे. राक्षस दार फोडू लागला, की त्यालाच शिवी देऊन ‘कडी वरून आहे’ असे सुचवत असे. शेजाऱ्याच्या मानेवर मागून गार हात ठेवून त्याला किंचाळायला लावण्याचा उद्योग तर दर खेळाला ठरलेला. आज दिवाणखान्यात जे टोमणे चतुराई म्हणून मारले जातात, त्यांतील बहुतेक पिटात आधीच मारून झाले होते, आणि अधिक चांगल्या शब्दांत.

दोन्ही हसण्यांत फरक आहे तो नात्याचा. दिवाणखान्यातला माणूस चित्रपटाला हसतो आणि त्याबरोबरच, न बोलता, तो चित्रपट पैसे देऊन पाहणाऱ्यालाही हसतो. पिटातला माणूस शेजाऱ्याबरोबर हसत होता. बारा तास माग चालवून, हमाली करून किंवा ऊस तोडून आलेल्या माणसाने तीन तास भीती विकत घ्यावी, ती मित्रांच्या घोळक्यात वाटून घ्यावी आणि शेवटी राक्षस जळाल्यावर हलके होऊन घरी जावे, हा व्यवहार त्याने उघड्या डोळ्यांनी केलेला होता. दिवसभर ज्याची भीती वाटते त्या मुकादमावर किंवा सावकारावर त्याला मोठ्याने ओरडता येत नव्हते. सामरीवर येत होते.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते आणि ती टाळून चालणार नाही. भुताखेतांचे, तांत्रिकांचे, शापांचे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात, असे अंधश्रद्धाविरोधी चळवळीतील प्रामाणिक कार्यकर्ते म्हणत आले आहेत. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यांच्या हत्येनंतरच जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात येऊ शकला, तेथे ही हरकत हसण्यावारी नेणे गैर ठरेल. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरीला आवरणारे शस्त्र शंकराचा त्रिशूळ आहे. बुद्धीने, संघटनेने किंवा विज्ञानाने तेथे काही होत नाही; देवळातले लोखंड कामाला येते.

पण हरकतीचे माप बरोबर लागू करायचे असेल, तर प्रेक्षकाचे वर्तन पाहावे लागेल. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ नावाचा असाच कमी खर्चाचा चित्रपट आला आणि त्याने धंद्यात चमत्कार केला. त्याच्या खेळाला लोक थिएटराबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत, आरती करत. पुढे जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा दूरचित्रवाणी संचाला हार घालून उदबत्ती लावणारी घरे देशभर निघाली, आणि त्यांत सुशिक्षितांची घरे कमी नव्हती. सामरीच्या खेळाला कोणी चपला काढल्या नाहीत. त्याच गावातील, त्याच मजुरीवर जगणारा प्रेक्षक एका चित्रपटाला हात जोडत होता आणि दुसऱ्याला शिट्ट्या मारत होता. पडद्यावर काय पूजनीय मानावे आणि काय खेळ म्हणून घ्यावे, हा भेद तो स्वतः करत होता. त्या भेदात त्याने नेहमीच योग्य बाजू घेतली असे नाही. परंतु जेथे शिट्टी वाजते तेथे श्रद्धेला पाय रोवायला जागा कमी उरते, एवढे मान्य करायला हरकत नसावी. देशाच्या राजकारणाचे पुढील काळात जे नुकसान झाले ते ज्या मालिकेला कोणी हसले नाही तिच्या वातावरणातून झाले. रबरी मुखवट्याच्या नावावर ते घालता येणार नाही.

ही वकिली येथेच थांबवली पाहिजे, कारण या चित्रपटांची खरी कमजोर बाजू वेगळी आहे. १९८८ च्या ‘वीराना’मध्ये त्याच बंधूंनी चेटकीण आणली, आणि पुरुषांना भुलवून ठार करणारी सुंदर स्त्री हे त्या चित्रपटाचे मुख्य आकर्षण ठरले. राक्षस रबराचा असला तर त्याला हसता येते. राक्षस म्हणून बाईच उभी केली, तर ते हसू पुरत नाही. झारखंडमध्ये, छत्तीसगडमध्ये, महाराष्ट्राच्या नंदुरबारसारख्या आदिवासी भागात ‘डायन’, ‘टोनही’, ‘डाकीण’ ठरवून जिवंत बायकांचा छळ होतो, त्यांचे खून पडतात. अनेकदा मागे जमिनीचा तुकडा किंवा विधवेचा वारसाहक्क असतो. बिहारने १९९९ साली आणि झारखंडने २००१ साली यासाठी स्वतंत्र कायदा लागू केला, तो काही कल्पित भुतांच्या बंदोबस्तासाठी नव्हे. ‘वीराना’मुळे कोणाचा खून झाला असा आरोप करणे बेजबाबदारपणाचे होईल. पण जी कल्पना गावात बाईच्या जिवावर उठते तिच्यावरच तिकिटे विकली गेली, हा डाग पुसता येत नाही. त्यातच रात्रीच्या खेळांना बायका थोड्याच असत. पिटातले ते मोकळे हसू मुख्यत्वे पुरुषांचे होते, हेही नमूद केले पाहिजे.

आणि तरीही ‘पुराना मंदिर’मध्ये असे काही आहे, ज्याच्याकडे ना त्या काळच्या समीक्षकांचे लक्ष गेले ना आजच्या टोमणेबाजांचे. तो शाप. घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल.

नायिकेला भेडसावण्यासाठी कथाकाराला दुसरा कोणताही मृत्यू निवडता आला असता. त्याने बाळंतपण निवडले. ज्या प्रेक्षकांपुढे ही कथा मांडली गेली त्यांच्या घरांत हा मृत्यू अपरिचित नव्हता. नमुना नोंदणी योजनेच्या आकडेवारीनुसार १९९७-९८ मध्येही या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० पर्यंत हे प्रमाण ९७ वर आले. म्हणजे १९८४ साली, ज्या तालुक्यांतून हा चित्रपट चालत होता तेथे, कोणाची बहीण, कोणाची वहिनी, कोणाची बायको अशीच गेलेली असण्याचा संभव मोठा होता. रात्री कळा सुरू झाल्या, दवाखाना वीस-पंचवीस मैलांवर, बैलगाडी, पावसात वाहून गेलेला रस्ता, रक्तस्राव. आणि मग गावात कुजबुज, की घराण्याला काहीतरी आहे. १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य’ या घोषणेवर भारताने सही केली होती. पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३ साली, म्हणजे सामरी पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षी, जाहीर झाले होते.

या दृष्टीने पाहिले, तर चित्रपटातील गोष्ट उलटी वाचावी लागते. गरिबाच्या झोपडीत जो मृत्यू रोजचा, तो येथे राजघराण्यात नेऊन ठेवला आहे आणि त्याला राक्षस, शाप, दोनशे वर्षांचा इतिहास यांची झूल चढवली आहे. झोपडीतील मृत्यूवर कोणी चित्रपट काढत नाही. हवेलीतल्या मृत्यूवर काढतात. प्रेक्षकाची भीती खरी होती, फक्त तिचा पत्ता बदललेला होता. ठाकूर मुलीवर ओरडतो, तिला प्रियकरापासून तोडतो, तेव्हा त्याच्या अकांडतांडवामागे असलेली धास्ती पिटातल्या बापाला समजत होती, कारण त्याचीही मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी येणार होती. हा धागा चित्रपटकर्त्यांनी जाणूनबुजून ओवला असे मुळीच नाही. त्यांना धंदा करायचा होता. पण ज्या वस्तीसाठी धंदा करायचा तिची भीती कोठे आहे, हे त्यांना मुखवट्याच्या प्रसंगापासून प्रेक्षकांकडे पाहून पाहून कळले होते.

शेवट मात्र ठाकुराच्या बाजूने होतो. सामरी जाळला जातो, शाप संपतो, घराण्याची वंशवेल पुढे वाढायला मोकळी. दोनशे वर्षे ही हवेली कोणाच्या वेठीवर उभी होती, तिची जमीन कोण कसत होते, शिरच्छेद करणारा राजा आणि शिरच्छेद झालेला तांत्रिक यांच्यात रयतेच्या दृष्टीने नेमका किती फरक होता, असले प्रश्न विचारण्यासाठी रामसे बंधू पैसे मिळवत नव्हते. जमीन जेथल्या तेथे राहते. सरंजामदाराला शापमुक्त करून सुखी केल्यावर पिटाला टाळ्या वाजवायला लावणे ही हिंदी चित्रपटाची जुनी खोड आहे, आणि मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत ती अधिक देखण्या स्वरूपात दिसते, म्हणून या एकट्या चित्रपटाला पकडून झोडण्यात अर्थ नाही.

मराठी प्रेक्षकाला याच जातीची आणखी एक आठवण आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. हॉलीवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून कल्पना उचललेली, रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. त्या काळातील विनोदी मराठी चित्रपटांविषयी नाक मुरडण्याची प्रथाच होती. मराठी अभिरुचीचा ऱ्हास या विषयावर परिसंवाद झडत असत. आज तीच मंडळी किंवा त्यांची मुले तात्या विंचूचे नाव निघाले, की हळवी होतात. अभिरुची सुधारली की वय वाढले, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

दरम्यान भुताला बरे दिवस आले आहेत. २०१८ चा ‘स्त्री’, २०२४ चा कोकणातल्या समजुतीवर बेतलेला ‘मुंज्या’, आणि त्याच वर्षीचा ‘स्त्री २’, ज्याने त्या वर्षीच्या हिंदी चित्रपटांत कमाईचे उच्चांक गाठले. भय आणि विनोद यांचे जे मिश्रण जगदीप आणि सामरी यांच्या काळात गावंढळ मानले जात होते, तेच आता संगणकावरच्या चकचकीत करामतींसह मल्टिप्लेक्समध्ये विकले जाते आणि समीक्षक त्याला गुण देतात. ‘स्त्री’ने एक गोष्ट मात्र चांगली केली. रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात, आणि भूत झालेली बाई अन्याय झालेली आहे, असे उलटे चित्र तिने मांडले. ‘वीराना’च्या चेटकिणीपासून ही प्रगतीच म्हणायची. मराठीत आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ च्या ‘झोंबिवली’ने डोंबिवलीतील टॉवर आणि झोपडपट्टी, त्यांचे पाणी आणि त्यातून उठणारी प्रेते असा विषय घेतला, तोही दखल घेण्याजोगा आहे.

पण हे चित्रपट पाहणारा कोण आहे? १९९७ साली दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स निघाले, तेव्हापासून एकपडदा थिएटरे एकामागून एक बंद पडत गेली. मुंबईत दादरचे ‘चित्रा’ २०१९ मध्ये बंद झाले. महाराष्ट्राच्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजची अखेरची धडपड ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपलेली आहे: गंजलेली प्रोजेक्टर यंत्रे, ट्रकमधली रिळे, आणि तंबूत येणारी घटती गर्दी. रोजंदारीवर जगणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मल्टिप्लेक्सच्या एका खेळासाठी दिवसाच्या मजुरीहून अधिक मोजावे लागतात. खाण्याचे जिन्नस तर दारातूनच परत न्यावे लागतात. त्या कुटुंबातील मुलगा आता तोच चित्रपट एकटा, हातातल्या फोनवर, कानांत तारा घालून पाहतो. तळघराकडे निघालेल्या नायिकेला तो ओरडून काही सांगत नाही. शेजारी कोणी नसतोच.

ज्यांनी १९८४ साली शिट्ट्या मारल्या त्यांचा अभिप्राय कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. त्या काळी प्रत्येक थिएटरातून वितरकाच्या कचेरीकडे रोजच्या उत्पन्नाचा एक तक्ता जात असे. धंद्यातले लोक त्याला डी. सी. आर. म्हणत. ‘पुराना मंदिर’विषयी त्या प्रेक्षकाचे मत कागदावर उमटले असेल तर ते तेवढ्यावरच: पिटाची तिकिटे इतकी, मधल्या वर्गाची इतकी, बाल्कनीची इतकी, त्यावरचा करमणूक कर, आणि खाली मॅनेजरची सही.